कामाकुरा एका दिवसात उरकू नका: चार ऋतूंच्या चार फेऱ्या कशा आखायच्या

योकोहामात राहायला आलो त्याच महिन्यात आम्ही कामाकुराला गेलो होतो, सगळे जातात तसेच, सकाळी निघून रात्री परत. त्या एका दिवसात मोठा बुद्ध, हासेदेरा आणि हाचिमानगू ही देवळं, कोमाची-दोरी या बाजाराच्या रस्त्यावरची खरेदी, एनोशिमा बेटाचा सूर्यास्त असं सगळं कोंबलं. घरी येऊन फोटो बघायला बसलो तर कुठलं देऊळ कुठलं तेच कळेना, पाय दुखत होते ते वेगळंच. त्यानंतर मी वर्षाच्या जवळजवळ प्रत्येक महिन्यात एकदा तरी तिथे गेले आहे, कधी एकटी, कधी नवऱ्याबरोबर, दोनदा आई बोरिवलीहून आली होती तेव्हा तिला घेऊन. आता माझं मत पक्कं झालंय. ज्यांना जमेल त्यांनी या गावाच्या चार छोट्या फेऱ्या कराव्यात, प्रत्येक वेळी गावाचा एकच भाग घ्यावा, आणि एक जागा मात्र चारही वेळा तीच ठेवावी. हे कसं आखायचं ते खाली सगळं सांगते. तोक्यो-योकोहामात राहणाऱ्या आपल्या मंडळींना तर हे सहज जमेल, आणि भारतातून ऑफिसच्या कामाने वर्षातून दोन-तीनदा येणाऱ्यांनाही जमू शकेल.

आधी ट्रेनचं बघू

कामाकुरा तोक्योच्या नैऋत्येला साधारण ५० किलोमीटरवर, सागामी उपसागराच्या काठावर आहे. तोक्यो स्टेशनवरून जेआरची (जपान रेल्वेची) योकोसुका लाइन पकडायची, तासाभरात पोचता, तिकीट हजार येनच्या आसपास. योकोहामाहून २५ मिनिटं. शिंजुकूहून शोनान-शिंजुकू लाइन थेट जाते पण इथे नवीन माणूस हमखास फसतो, कारण त्याच फलाटावरून ओदावाराकडे जाणारी गाडीही सुटते आणि ती कामाकुराला जातच नाही. गाडीवर झुशी लिहिलेलं असेल तरच चढा, चुकून दुसरी पकडलीत तर ओफुना स्टेशनला उतरून बदला, घाबरायचं काही नाही.

दुसरी गाडी म्हणजे एनोदेन. कामाकुरा ते फुजिसावा अशी १० किलोमीटरची छोटी रेल्वे, १५ स्टेशनं, पूर्ण प्रवास अर्ध्या तासाहून थोडा जास्त. १९०२ साली पहिला तुकडा सुरू झाला आणि १९१० मध्ये लाइन कामाकुरापर्यंत आली. सिंगल ट्रॅक असल्यामुळे गाड्या वाढवायला वावच नाही, म्हणून शनिवार-रविवारी कामाकुरा स्टेशनवर फलाटाच्या बाहेरपर्यंत रांग येते. त्यावर दोन उपाय आहेत. एक तर कामाकुराहून हासेपर्यंत चालत जा, अर्धा तासही लागत नाही. नाहीतर दिवस उलटा आखा, आधी फुजिसावाला उतरून तिथून एनोदेनने कामाकुराकडे या. तीन-चार वेळा चढणं-उतरणं असेल तर एक दिवसाचा पास घ्या, ८०० येनचा आहे. कामाकुराहून जाताना समुद्र डाव्या हाताला येतो आणि खरा समुद्र इनामुरागासाकी सोडल्यावर दिसायला लागतो, तोवर मोबाईल खिशात ठेवला तरी चालेल.

मग एक जागा ठरवा

माझी जागा इनामुरागासाकी. एनोदेनच्या त्याच नावाच्या स्टेशनपासून पाच मिनिटांवर समुद्रात घुसलेलं टेकाड आहे, वर छोटी बाग आणि बाकं. समोर एनोशिमा, आणि हवा स्वच्छ असेल तर त्याच्यामागे फुजी. १३३३ साली नित्ता योशिसादा या सरदाराचं सैन्य ओहोटीच्या वेळी याच टोकाला वळसा घालून गावात शिरलं आणि कामाकुराची सत्ता संपली असं सांगतात. हे गाव तीन बाजूंनी डोंगर आणि चौथ्या बाजूला समुद्र असं आहे, इथे शोगुनांची म्हणजे लष्करी सत्ता स्थापन करणाऱ्या मिनामोतो नो योरितोमोने राजधानीसाठी निवडलं ते याच कारणाने, आणि तिथे उभं राहिलं की ते पुस्तक न वाचताही समजतं.

चारही फेऱ्यांत इथे अर्धा तास काढाच. जानेवारीत जी निळी धारदार रेघ दिसते ती जूनमध्ये राखाडी धूसर झालेली असते, फुजी तर गायबच. तुमची जागा दुसरी असली तरी हरकत नाही, हाचिमानगूचा जिना घ्या, हासेदेराचा कठडा घ्या, पण एकच घ्या आणि तीच ठेवा.

पहिली फेरी हिवाळ्यात करा (१० जानेवारीनंतर ते फेब्रुवारी अखेर)

सगळे जूनमध्ये हायड्रेंजियाच्या फुलांसाठी पहिल्यांदा जातात आणि गर्दी बघून परत फिरकत नाहीत. म्हणून म्हणते सुरुवात थंडीत करा. फक्त १ ते ३ जानेवारी टाळा, हाचिमानगूला त्या तीन दिवसांत लाखोंनी लोक वर्षाचं पहिलं दर्शन घ्यायला येतात, रस्तेही गाड्यांना बंद असतात. १० तारखेनंतर गाव एकदम शांत होतं.

हिवाळ्यात हासे भाग घ्या. आठ-साडेआठला इनामुरागासाकीला पोचा, फुजी सकाळी सगळ्यात स्वच्छ दिसतो, दुपारी बरेचदा ढग धरतात. तिथून दोन स्टेशनं मागे हासेला या. मोठा बुद्ध म्हणजे कोतोकु-इन देवळातली अमिदा बुद्धाची ब्राँझची मूर्ती, काम १२५२ मध्ये सुरू झालं, उंची ११.३ मीटर, वजन १२१ टन. पूर्वी त्याच्यावर लाकडी मंडप होता, वादळांनी आणि लाटांनी तो गेला आणि पंधराव्या शतकाच्या शेवटापासून बुद्ध उघड्यावरच बसलाय. मूर्तीच्या पोटात जाता येतं, थोडेसे येन जास्त द्यायचे, आणि नक्की जा, कारण आतून ओतकामाचे थर जिथे जोडले त्या रेघा स्पष्ट दिसतात आणि मानेच्या आतल्या बाजूला १९६०-६१ च्या दुरुस्तीत दिलेला फायबरचा आधारही दिसतो. हिवाळ्यात आत कोणी नसतं, उन्हाळ्यात तेच ब्राँझ तापतं आणि दोन मिनिटंही थांबवत नाही. आवारात श्रीलंकेच्या जयवर्धनेंचं स्मारक आहे, १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेत त्यांनी धम्मपदातलं 'वैराने वैर शमत नाही' हे वचन सांगून जपानची बाजू घेतली होती. आपली बरीच मंडळी त्याच्या समोरून निघून जातात, थांबून वाचा.

मग हासेदेरा. इथली अकरा मुखांची कान्नोन लाकडाची आहे आणि ९ मीटरपेक्षा उंच. आत फोटो काढू देत नाहीत आणि ते बरंच आहे. आईला घेऊन गेले तेव्हा ती मान वर करून किती वेळ बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "अगं, ही तर आपल्या कान्हेरीतली." बरोबर होतं तिचं. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर, आणि कान्हेरीच्या ४१ नंबरच्या लेण्यात अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर कोरलेला आहे. बोरिवलीत आयुष्य गेलं आणि ती जोडी लागली ती इथे येऊन. आवारात बेन्तेन-कुत्सु नावाची बुटकी गुहा आहे, बेन्तेन म्हणजे आपली सरस्वती. आत वाकून जावं लागतं, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करा.

दुपारी समुद्रावर या. फेब्रुवारीत झाइमोकुझाच्या किनाऱ्यावर कोळी वाकामे नावाचं समुद्री शेवाळ काढून किनाऱ्यावरच वाळत घालतात, दोऱ्यांवर ओळीने लटकवलेलं, आपल्याकडे वर्सोव्याला बोंबील वाळतात अगदी तसं, वास मात्र सौम्य. त्याच सुमाराला एगारा तेनजिन आणि झुइसेनजीला उमे म्हणजे प्लम फुलतो, वेळ उरला तर पूर्वेकडे जा, नाहीतर पुढच्या वर्षी. कपड्यांचं म्हणाल तर दुपारी १० डिग्री असतं पण समुद्राचा वारा कान बधिर करतो, टोपी लागतेच. देवळं चार-साडेचारला बंद होतात आणि तोवर अंधारायलाही लागतं.

वसंत: मार्चअखेर ते एप्रिल

साकुरा म्हणजे चेरीचा बहर तोक्योबरोबरच येतो, मार्चचा शेवटचा आठवडा ते एप्रिलचा पहिला. जागा दानकाझुरा, स्टेशनपासून हाचिमानगूकडे जाणाऱ्या रस्त्याच्या मधोमध उंच केलेली वाट. योरितोमोने ही ११८२ मध्ये बायको मासाको गरोदर असताना तिची सुटका सुखरूप व्हावी म्हणून बांधून घेतली. देवळाकडे जाताना वाट अरुंद होत जाते त्यामुळे आहे त्यापेक्षा लांब वाटते, पुढे चालून मग मागे वळून बघा, लगेच कळेल. झाडं २०१६ च्या दुरुस्तीत नव्याने लावलेली आहेत. सकाळी सातला गेलात तर वाट तुमचीच, दहानंतर फक्त डोकी दिसतात. वर हाचिमानगूच्या जिन्याशेजारी एका मोठ्या बुंध्याला कोंब फुटलेले दिसतील, तो हजारेक वर्षांचा मानला जाणारा गिंको वृक्ष, १० मार्च २०१० ला वाऱ्याने पडला. दर वर्षी गेल्यावर तो किती वाढलाय ते बघते मी.

वसंतातली माझी लाडकी गोष्ट मात्र साकुरा नाही, ओहोटी आहे. झाइमोकुझाच्या पूर्व टोकाला वाकाएजिमा म्हणून १२३२ साली दगड टाकून केलेलं बंदर आहे, जपानमध्ये आज शिल्लक असलेलं सगळ्यात जुनं बांधलेलं बंदर. भरतीला काही दिसत नाही. थंडीत मोठी ओहोटी रात्री येते, पण एप्रिल-मेमध्ये अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ती भर दुपारी येते आणि दगडांची लांब पट्टी पाण्यातून वर येते. म्हणून जायच्या आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. वाळूत चीनहून आलेल्या भांड्यांचे तुकडे सापडतात, फिकट हिरवे, कडा लाटांनी गुळगुळीत झालेल्या. मी एक हातात घेतला होता, नखाएवढा, झिलई अजून शाबूत आणि त्यावर बारीक तडे, सातशे-आठशे वर्षांपूर्वी कोणाच्या तरी जहाजातून उतरवताना फुटलेली वाटी असेल. बघून परत तिथेच ठेवला, तुम्हीही ठेवा, ती जागा संरक्षित आहे.

गोल्डन वीकच्या सुट्ट्यांमध्ये म्हणजे एप्रिलअखेर ते ५-६ मे, जाऊ नका. बस.

जून: हायड्रेंजिया आणि पाऊस

ही फेरी नीट आखली नाही तर सगळा दिवस रांगेत जातो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कांतोमध्ये म्हणजे तोक्योच्या आसपासच्या भागात त्सुयु म्हणजे पावसाळा जूनच्या सुरुवातीला लागतो आणि जुलैच्या मध्याला संपतो. मुंबईसारखा कोसळत नाही, रिपरिप चालू असते. हायड्रेंजिया, जपानीत अजिसाइ, याच काळात, आणि ऐन भर साधारण जूनचा दुसरा-तिसरा आठवडा. लोक ऊन पडायची वाट बघतात, तुम्ही पावसातच जा. उन्हात ती फुलं मलूल दिसतात आणि ओली झाली की निळा रंग उठून येतो, शिवाय गर्दी निम्मी होते.

वार मंगळ ते गुरू धरा. कामाकुराच्या एक स्टेशन आधी किता-कामाकुराला उतरा आणि आठच्या आत मेइगेत्सु-इनच्या दारात रांग लावा, स्टेशनपासून दहा मिनिटं चालायचं. इथली फुलं बहुतेक एकाच जातीची, हिमे-अजिसाइ, आणि गंमत म्हणजे महिन्याच्या सुरुवातीला फिकट असतात आणि दिवसागणिक गडद निळी होत जातात, त्यामुळे ५ जूनचं आणि २० जूनचं मेइगेत्सु-इन दोन वेगळी देवळं वाटतात. गोल खिडकीसमोर फोटोसाठी वेगळी रांग लागते, ती आधी करा आणि फुलं नंतर, उलट केलंत तर तासभर गेलाच समजा. मागची बाग एरवी बंद असते, जूनमध्ये आयरिसच्या वेळी आणि पानगळीच्या वेळी उघडते, त्याचं तिकीट वेगळं.

तिथून चालत केनचोजी, पंधरा मिनिटं. १२५३ सालचं झेन मठ, दारातले जुनिपर वृक्ष सातशेहून जास्त वर्षांचे, चीनहून आलेल्या संस्थापक भिक्षूने बिया आणल्या असं सांगतात. इथे गर्दी विरघळते. आणि उतरत हाचिमानगूला आलं की एक फेरी पूर्ण.

हासेदेराची फुलं हवी असतील तर तो वेगळा दिवस ठेवा, एकाच दिवसात दोन्ही नको. तिथे टेकडीवरच्या अजिसाइ वाटेसाठी सीझनमध्ये प्रवेश तिकिटाशिवाय वेळेचं वेगळं तिकीट लागतं, सकाळी लवकर नाही गेलात तर दुपारचा स्लॉट हातात येतो. तो वेळ घालवायला एक स्टेशन पुढे गोकुराकुजीला जा, जोजु-इन देवळाच्या पायऱ्यांवरून युइगाहामाचा किनारा दिसतो, तिकीटही नाही.

बूट घट्ट तळव्याचे घाला. दगडी पायऱ्या शेवाळतात, आणि माझ्यासमोर एक बाई पायऱ्यांवरून अशी घसरली की छत्री एकीकडे आणि ती एकीकडे. टेकड्यांवरच्या ट्रेकच्या वाटा या महिन्यात नकोच, चिखल घोट्यापर्यंत येतो.

उन्हाळा

जूनची फेरी जमली नाही तर तिच्याऐवजी ही. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ३० च्या वर पारा आणि दमट, मुंबईचा मे आठवा. देवळं सोडा, समुद्र घ्या. युइगाहामा, झाइमोकुझा, कोशिगोए हे किनारे पोहण्यासाठी जुलै ते ऑगस्टअखेर उघडे असतात, वाळूवर लाकडी शॅक उभ्या राहतात, शॉवर-लॉकर मिळतं. पहाटे सातला हाचिमानगूच्या तळ्यातली कमळं बघा, दुपारी मिटतात. मग होकोकुजीच्या बांबूच्या वनात जा, कामाकुरा स्टेशनवरून बसने जोम्योजी स्टॉपला उतरायचं. साधारण दोन हजार बांबू आहेत, आत सावली दाट आणि वाऱ्याची सळसळ, वाटीभर माच्चा म्हणजे हिरवा चहा घेऊन बसलं की उठवत नाही.

किनाऱ्यावर घारींपासून सांभाळा. आम्ही शिचिरिगाहामाच्या कट्ट्यावर बसून मेथीचे पराठे काढले, मी पहिला घास मोडायच्या आत मागून काहीतरी आलं, कानाला पंख घासून गेला आणि हातातला अख्खा पराठा नाहीसा. नख लागलं असतं तर बोटं फाटली असती. त्या मागूनच येतात, तुम्ही समुद्राकडे बघत असता. जागोजागी पाट्या आहेत, त्या खऱ्या आहेत. किनाऱ्यावर खायचं असेल तर छपराखाली किंवा भिंतीला पाठ लावून, मुलांच्या हातात तर काही देऊच नका.

आणि एक, हे चारही ऋतूंना लागू आहे. रस्त्यातल्या खांबांवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, त्सुनामीच्या वेळी कुठे पळायचं त्याचे बाण असतात. १९२३ च्या कांतो भूकंपात इथे खरोखर लाटा शिरल्या होत्या. वाळूवर चादर टाकायच्या आधी सगळ्यात जवळची टेकडी कुठली ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

शाकाहारी मंडळींसाठी

इथलं प्रसिद्ध खाणं शिरासु, म्हणजे बारीक पांढरी मासळी. मासे खाणाऱ्यांनी ताजी कच्ची हवी असेल तर १ जानेवारी ते १० मार्च जाऊ नये, त्या काळात मासेमारी बंद असते. आम्ही शाकाहारी. केनचिनजिरु हे मुळ्या-गाजराचं, तोफूचं सूप केनचोजीच्या मठातलं म्हणून सांगतात आणि मुळात पूर्ण शाकाहारी आहे, म्हणून मी एका दुकानात निर्धास्तपणे मागवलं, आईने अर्धी वाटी संपवल्यावर कळलं की पाण्यात माशाचा अर्क आहे. ती काही बोलली नाही पण दिवसभर गप्प होती. तेव्हापासून मी बसायच्या आधी विचारते, "साकाना नो दाशी, हाइत्ते इमास का?" म्हणजे माशाची दाशी आहे का. हो म्हणाले तर नमस्कार करून बाहेर. सुरक्षित पर्याय हवा तर घरून डबा न्या, पण कोमाची-दोरीवर चालता चालता खाऊ नका, २०१९ पासून शहराच्या नियमात ते त्रासदायक वागणं म्हणून लिहिलंय, दंड नाही पण लोक बघतात.

स्टेशनपासून तीन मिनिटांवर रेनबाइ म्हणून शेतकऱ्यांचा बाजार आहे, १९२८ पासून चालू. सकाळी आठला उघडतो, चांगला माल लवकर संपतो. सुपरमार्केटमध्ये मुळा पाला कापून मिळतो, इथे थंडीत हिरव्यागार पाल्यासकट मिळतो, पानांवर माती तशीच. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी दोन घेतले आणि घरी जाऊन पाल्याची पीठ पेरून भाजी केली. आता प्रत्येक फेरीची सुरुवात तिथूनच करते, पिशवी स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवते.

शरद: सप्टेंबर, आणि मग नोव्हेंबरअखेर

सप्टेंबरमध्ये उकाडा असतोच आणि टायफून येतात, आदल्या दिवशी हवामान बघितल्याशिवाय निघू नका. तरी दोन गोष्टींसाठी जावं. १६ सप्टेंबरला हाचिमानगूला याबुसामे असतं, दौडत्या घोड्यावरून तीन लक्ष्यांवर बाण मारतात, आणि महिन्याच्या उत्तरार्धात होकाइजी देवळाच्या अंगणात पांढऱ्या फुलांचा हागी वाटेवर झुकलेला असतो, अंग चोरून जावं लागतं.

पानं मात्र इथे उशिरा रंगतात. क्योतोचे फोटो बघून नोव्हेंबरच्या मध्याला आलात तर झाडं हिरवीच दिसतील. समुद्रामुळे हवा उबदार राहते, म्हणून नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा ते डिसेंबरचा मध्य धरा. किता-कामाकुराला उतरलं की समोरच एनगाकुजी, १२८२ चं, तेव्हाचा सत्ताधीश होजो तोकिमुने याने मंगोल स्वाऱ्यांत मेलेल्या दोन्ही बाजूंच्या सैनिकांसाठी बांधलेलं. शत्रूच्या मेलेल्यांसाठीसुद्धा. मोठ्या दाराखालचा मेपल सकाळी नऊच्या उन्हात बघा.

दम असेल तर त्याच दिवशी शिशिमाइची दरी करा. कामाकुरा-गू देवळापर्यंत बस, तिथून निकाइदोच्या गल्ल्यांतून चालत ओढ्याकाठची वाट. २०१९ च्या टायफूनने इथली झाडं पाडली होती आणि टेकड्यांवरच्या वाटा बराच काळ बंद होत्या, म्हणून निघायच्या आधी शहराच्या साईटवर वाट उघडी आहे का ते बघा. वर पोचल्यावर गिंकोची पिवळी पानं जमिनीवर इतकी जाड पडलेली असतात की पाऊल टाकताना आवाज येत नाही, आणि वर लाल मेपल. दरी अरुंद असल्यामुळे ऊन दुपारी थोडाच वेळ येतं, साडेअकरा ते एकच्या मधे पोचायचं गणित ठेवा. ओल्या पानांखाली दगड दिसत नाहीत, काठी असेल तर घ्या. तीनच्या आत खाली उतरा, बस पकडा, आणि एनोदेनने साडेचारच्या आत इनामुरागासाकीचं ते बाक गाठा, डिसेंबरात सूर्य तेवढ्यातच बुडतो आणि फुजी काळा होऊन परत दिसायला लागतो.